लंडन सोडून गिरणीच्या गावाला

लंडन बघून आलेल्या माणसाला लोक दोन-तीन प्रश्न विचारतात आणि सोडून देतात. राजवाडा बघितला का, ते मोठं घड्याळ बघितलं का, थंडी होती का. झालं. आम्ही इंग्लंडला जाऊन आलो आणि लंडन बघितलंच नाही, त्यामुळे आमची सुटका होत नाही. मलकापुरात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. साधा बल्ब न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा स्टुलावर बसतं आणि विचारतं, मग तिकडं जाऊन बघितलं तरी काय? सांगायला लागलो की एकातून दुसरं निघतं. गिऱ्हाईक बल्ब विसरून घरी जातं.

माणसं आधी सांगतो. आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी बायको मंगल, आमचे शेजारी सुभेदार आणि त्यांच्या घरच्या अनुसयावहिनी. सुभेदार वडूजकडच्या एका कोरड्या गावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पलटणीत गेले, सुभेदार होऊन परत आले आणि मलकापुरात घर बांधलं. त्यांचा एकुलता एक संदीप उत्तर इंग्लंडात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तो राहतो त्या गावात एके काळी नुसत्या कापडाच्या गिरण्या होत्या. आता एकही चालत नाही. गावाच्या नावाच्या शेवटी ‘बरी’ आहे की ‘बर्न’, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

संदीपचं लग्न सांगलीकडच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, पोरगं कुठं राहतं, कसं राहतं ते एकदा डोळ्यांनी बघून या, मग सुपारी फोडू. सुभेदार बर्फात पहारा केलेला माणूस, पण इंग्रजीत चहा मागायला सोबत हवी म्हणून त्यांनी आम्हां नवरा-बायकोला ओढलं. असं आमचं पर्यटन.

*

सुरुवात विमानतळावरच झाली. पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं कशासाठी आलात म्हणून विचारलं. सुभेदारांनी पाठच करून ठेवलं होतं. ताठ उभं राहून म्हणाले, “टुरिझम, सर.”

कुठली कुठली ठिकाणं बघणार? सुभेदारांनी गावाचं नाव सांगितलं. साहेबानं मान वर केली. आणखी कुठली? आणखी कुठली नाहीत. सगळी सुट्टी तिथंच? हो, तिथंच.

साहेबानं पलीकडच्या काउंटरवरच्या बाईंना बोलावलं. दोघं हळू आवाजात बोलायला लागले. मंगलनं माझा दंड धरला. मला वाटलं, आता हे आल्या विमानानं परत पाठवणार. मग त्या बाई हसू दाबत निघून गेल्या आणि साहेब आम्हांला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत बोलला. तो त्याच गावचा होता. लहानाचा मोठा तिथंच झालेला.

शिक्का मारताना म्हणाला, “बघण्यासारखं काही सापडलं तर जाताना मला सांगून जा.”

*

गावात पर्यटकांसाठी एक ऑफिस होतं. वाचनालयाच्या कोपऱ्यात एक टेबल, टेबलामागं जॅनेट नावाच्या वयस्कर बाई. आम्ही चौघं समोर जाऊन उभे राहिलो तर त्यांना वाटलं आम्ही रस्ता चुकलोय. त्या आम्हांला स्टेशनचा रस्ता सांगायला लागल्या.

आम्हांला सोडायला आलेल्या संदीपनं सांगितलं, हे पर्यटक आहेत, गाव बघायला आलेत. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग नकाशा काढून त्यावर पेननं गोल करायला लागल्या. एक गोल केला, थोडा विचार केला आणि तो खोडला, कारण ते बंद झालं होतं. दुसरा केला, तोही खोडला. तिसऱ्या ठिकाणी आता गाड्या धुतात. शेवटी नकाशाच बाजूला ठेवला, टेबलावरची ‘उघडे आहे’ची पाटी उलटी केली, कोट चढवला आणि आमच्याबरोबर निघाल्या.

दिवसभर हिंडवलं बाईंनी. इथं काय होतं, तिथं काय होतं, सगळं सांगितलं. आम्ही माना डोलवत रिकाम्या जागा बघत होतो. एका मोकळ्या मैदानासमोर तर त्यांनी आमचा ग्रुप फोटो काढला. तिथली गिरणी फार सुंदर होती म्हणे.

*

तिथं पाऊस सारखा असतो. आपल्यासारखा नाही, नळ नीट बंद न केल्यासारखा. आणि जो भेटेल तो त्याबद्दल माफी मागतो. बसस्टॉपवरचा माणूस, दुकानातली मुलगी, शेजारचे आजोबा. सगळे म्हणायचे, सॉरी अबाउट द वेदर.

सुभेदारांच्या गावाला पाऊस हुलकावणी देतो तेव्हा कुणी माफी मागत नाही. त्यांना हे कळेना. संदीपला म्हणाले, पडतोय तरी माफी मागत्यात, ह्यांचं नेमकं दुखतंय कुठं? पण माणूस फौजी. ज्या मुलखात जाईल तिथली शिस्त उचलणार.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी लख्ख ऊन पडलं. शेजारचे आजोबा उघड्या अंगानं दारात खुर्ची टाकून बसले होते. सुभेदार त्यांच्यासमोर जाऊन थांबले आणि मनापासून म्हणाले, “सॉरी फॉर द सन.”

*

संदीपच्या घरामागून कॅनॉल जातो. काठोकाठ पाणी. सुभेदारांनी पहिल्या दिवशी बघितला आणि विचारलं, हे पाणी कुणाच्या रानाला जातं? संदीप म्हणाला, कुणाच्याच नाही. पूर्वी यातनं कोळसा नि कापूस यायचा, आता लोक हौसेनं बोटी चालवतात.

हे त्यांच्या पचनी पडेना. भरलेला कॅनॉल आणि कडेला एक मोटर नाही. रोज सकाळी उठून काठानं चालायला जायचे, कुठंतरी पाणी उचललेलं दिसेल म्हणून.

एके दिवशी एक म्हातारं जोडपं बोट घेऊन आलं. तिथं पाण्याची पातळी बदलायला लाकडी दरवाजे असतात, ते ढकलून उघडावे लागतात. सुभेदारांनी खांदा लावला. जोडपं खूश झालं, या म्हणालं, चहा घ्या. सुभेदार बोटीत चढले आणि बोट सुटली.

वहिनी काठावरच होत्या. त्या बोटीच्या बरोबरीनं चालायला लागल्या. ती बोट माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते. त्यामुळे वहिनी पुढं जायच्या, थांबायच्या, बोट आली की परत चालायच्या. दोघांचं बोलणंही चालू होतं. दुपारच्या भाजीचं ठरलं, मलकापूरच्या घराच्या पाण्याच्या टाकीचा विषय झाला.

तेवढ्यात सुभेदारांना संदीपचा ऑफिसातून फोन आला. तात्या, कुठं आहात?

“बोटीत.”

कुठं निघालाय?

“म्हाईत न्हाई. तुझ्या आईला इचार, ती म्होरं गेलीया.”

*

आमच्या मंगलचं माहेर विट्याचं. घराला लागून वडलांचे यंत्रमाग होते. ती त्या खटखटीतच जन्मली, वाढली, शिकली. लग्न होऊन आली तेव्हा मलकापुरात हायवेच्या कडेला घर मिळालं म्हणून बरं, नाहीतर तिला शांततेत झोप लागत नाही. आणि ते इंग्लंडातलं गाव म्हणजे नुसतं शांत. बाई रोज पहाटेपर्यंत टक्क जागी. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

एका गिरणीचं आता म्युझियम केलंय. तिथं ठरावीक वेळेला एक जुना माग चालवून दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा बरीच मंडळी जमली होती. गाइडनं आधी सगळ्यांना कानात घालायला बोळे दिले. आवाज सहन झाला नाही तर हात वर करा, लहान मुलांना मागं घ्या, असं बरंच बजावलं. मंगल बाकावर बसली. बोळे तिनं पर्समध्ये टाकले.

माग सुरू झाला. लोकांनी कानांवर हात ठेवले, एक मूल रडायला लागलं. थोड्या वेळानं गाइडनं माग थांबवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांचं लक्ष मंगलकडं गेलं. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं.

गाइड धावला. सगळ्यांना वाटलं, आवाजानं शुद्ध हरपली. कुणी पाणी आणलं, कुणी पायांखाली कोट ठेवला, एक बाई चाकाची खुर्ची घेऊन आल्या. मी सांगत होतो की ती झोपली आहे, पण नवऱ्यावर कोण विश्वास ठेवतो? गडबडीनं ती जागी झाली, डोळे न उघडताच कपाळाला आठ्या घातल्या.

म्हणाली, “लाइट गेली का?”

*

आता संदीपच्या घराचं. तो राहतो तीच मुळात गिरणी. बंद पडलेल्या गिरणीत त्यांनी फ्लॅट काढलेत. वर लोखंडी तुळया, मध्ये खांब, भिंती उघड्या विटांच्या. तिकडं तशाच घराला भाव असतो म्हणे.

वहिनींनी गावाकडं फोनवर सांगितलं, संदीप गिरणीत राहतोय. त्यांनी खरं तेच सांगितलं. पण वडूजहून ती बातमी सांगलीला पोचेपर्यंत संदीप गिरणी कामगार झाला होता, आणि कामावरच झोपत होता.

मुलीच्या वडलांचा फोन आला. आवाज थंड. सुभेदारांचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन पोराचं जमत आलेलं मोडायची वेळ आली होती. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायला लागल्या. शेवटी मी म्हटलं, व्हिडिओवर घर दाखवू, म्हणजे विषय मिटेल. मी फोन हातात धरून सगळं घर फिरवलं. हॉल, बेडरूम, खिडकीतून कॅनॉल.

सगळं बघून झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, “पोरगं चांगलं हाय, नोकरी चांगली हाय. पण सुभेदार, भिंतीला गिलावा न्हाई.”

आम्ही आळीपाळीनं समजावलं. तिकडं तशीच फॅशन आहे, विटा दिसाव्यात म्हणून तर लोक जास्त भाडं देतात. ते ऐकून घेत होते, आणि जितकं सांगावं तितका त्यांचा संशय वाढत होता. शेवटी म्हणाले, गिलावा झाला की कळवा, आणि फोन ठेवला.

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीनं स्वतःच संदीपला फोन केला. दोघं तासभर बोलले. तिला विटा आवडल्या होत्या आणि खिडकीही. आम्ही परत आल्यावर सुपारी फुटली. पण त्या दिवशीसुद्धा मुलीचे वडील सुभेदारांना बाजूला घेऊन म्हणाले की हिकडनं एक चांगला गवंडी पाठवतो, व्हिसाचं तेवढं तुमी बघा.

*

निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही परत त्या म्युझियममध्ये गेलो, कारण मंगलची शाल तिथंच राहिली होती. तिथं कार्यक्रम चालला होता. त्या गिरण्यांत पूर्वी आपल्याकडची, पाकिस्तानातली बरीच माणसं कामाला होती. ती आता म्हातारी झालीत. त्यांना बोलावून आठवणी रेकॉर्ड करत होते. चहा-बिस्किटं होती.

मंगल शाल शोधायला गेली, मी चहाच्या रांगेत लागलो, सुभेदार आणि संदीप गाडी लावत होते. वहिनी एकट्याच एका खुर्चीवर बसल्या. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. एक तरुण मुलगी मशीन घेऊन त्यांच्याजवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी विचारलं. वहिनींना त्यातला ‘मिल’ तेवढा कळला. पोरगा मिलमध्येच राहतो, म्हणून त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, व्हय, मिल.

मुलीनं मशीन सुरू केलं.

मी चहा घेऊन आलो तर मुलीनं मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. वहिनी बोलत होत्या. मेंढरं घेऊन नदीकाठाला यायचो ते, वाटेतच बाभळीखाली संदीप झाला ते, सासूनं त्याला घोंगड्यात गुंडाळला ते. मग म्हणाल्या, पोरगं हिकडं आलं तवापास्नं मला वाटायचं, हे सांच्याला एकलंच जेवत असंल. आता डोळ्यानं बघितलं. तसंच हाय.

त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहतोय, वहिनी म्हणजे भावजी चहा घेणार का, एवढंच. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं फोटो काढला, एका कागदावर सही घेतली. वहिनींना वाटलं, आलेल्या पाहुण्यांची सही घेत असतील.

आम्ही परत आलो. मध्ये काही महिने गेले. परवा दुपारी सुभेदार आणि वहिनी माझ्या दुकानात बसलेले असताना संदीपचा व्हिडिओ कॉल आला. तो त्या म्युझियममधून बोलत होता. भिंतीवर वहिनींचा हा एवढा मोठा फोटो. खाली लिहिलंय, अनुसया, जुन्या विणकर, आपल्या मातृभाषेत गिरणीच्या आठवणी सांगताना. शेजारी एक बटण. दाबलं की वहिनींचा आवाज येतो.

सुभेदार हसून हसून स्टुलावरून पडायचे राहिले. संदीप मात्र हसत नव्हता. त्यानं तो आवाज सगळा ऐकलेला दिसत होता. म्हणाला, आई, ही चूक झालीय त्यांची, मी ऑफिसात जाऊन सांगू का?

वहिनींनी फोन हातात घेतला. विचारलं, मानसं ऐकत्यात का? संदीप म्हणाला, ऐकतात, आत्ताच एक टोपीवाले आजोबा सगळं ऐकून परत बटण दाबतायत. वहिनींनी विचारलं, त्यास्नी कळतंय का? तो म्हणाला, कळत नाही.

संदीपनं फोन फिरवला तसे वहिनींना ते आजोबा दिसले, परत बटण दाबायला वाकलेले.

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “कळनाऱ्यांनी कवा ऐकलंय?”