गुरुजींना एकेरी

माझ्या भाचीला पहिलीच्या वर्गातून काढून व्हरांड्यात बसवलं, त्याचं कारण गुरुजींनी असं सांगितलं की ती त्यांना एकेरी बोलते.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. आक्काचं सासर केंदूरच्या बाजूला. दाजी रांजणगावला कंपनीत, शिफ्टच्या बसनं जायचे-यायचे. मी शिरूरला कॉलेजात आणि राहायला आक्काकडे. भाचीशी जे बोलू तेच ती परत बोलायची. "पाणी पायजे का?" विचारलं की "पाणी पायजे का?" म्हणायची, म्हणजे तिला पाणी हवं असायचं. आम्हाला कळायचं. शाळेला कळत नव्हतं. गुरुजी म्हणाले, "खाली बस." ती म्हणाली, "खाली बस." गुरुजी म्हणाले, "कुणाला सांगते गं?" ती म्हणाली, "कुणाला सांगते गं?" सगळा वर्ग हसून लोळला. गुरुजींना 'गं' म्हणणारं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

"घरात काय वळण हाय का न्हाई, बाई?" गुरुजींनी आक्काला विचारलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी पत्रकं वाचत वाढले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी वडील गठ्ठे आणायचे आणि वाटायला मी जायचे. त्यांतलं मनात पक्कं बसलं ते एवढंच, की माणसाची लायकी त्याला मारलेल्या हाकेत दिसते. माझ्या पिकल्या केसांच्या आजोबांना गावातली शेंबडी पोरं 'ये रे' म्हणायची. म्हणून वडिलांनी आमच्या वस्तीत लहानथोर सगळ्यांना अहो-जाहो सुरू केलं होतं. आणि आता एकेरीचा आरोप आमच्याच पोरीवर.

दौंडला एक मुलांचे डॉक्टर चांगले आहेत असं कळलं, तिकडे तिला नेलं. त्यांनी तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या, म्हणजे आपल्याच गप्पा परत ऐकल्या. म्हणाले, "ही उद्धट नाही. ऐकलेलं परत देणं हेच सध्या तिचं बोलणं आहे. स्वमग्न मुलांमध्ये असतं असं. तिच्याशी बोलत राहा आणि शाळा बंद करू नका."

स्वमग्न हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. येताना एसटीत मला सुचलं, जे मिळतं तेच ती देते, तर तिला अहो-जाहोच करू. घरी गेल्या गेल्या मी म्हणाले, "बसा." ती म्हणाली, "बसा." "जेवलात का?" "जेवलात का?" शेजारची म्हातारी म्हणाली, "कलेक्टरीणबाई आल्या व्हय!" पण चार दिवसांनी तीसुद्धा तसंच बोलायला लागली. भाची गल्लीभर "या, बसा" करत फिरू लागली.

मी गुरुजींकडे गेले.

"पहिलीतल्या पोरीला मी अहो-जाहो करू?"

"हो."

"आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? एका खोलीत दोन वर्ग सांभाळतो मी. उद्या सगळी म्हणतील, आम्हालाबी अहो म्हणा."

"म्हणू द्या. काय बिघडलं?"

"भाषणाला बरं हाय ते, ताई."

मग मी पत्रक काढलं. 'शिक्षण ही मेहेरबानी नव्हे' असा मथळा दिला, सायक्लोस्टाइल करून एसटी स्टँडवर आणि पंचायत समितीच्या दारात वाटलं. समितीतून शिक्षणाचे साहेब आले. गुरुजींना समज मिळाली. भाची परत वर्गात बसली आणि वस्तीत माझं कौतुक झालं.

गुरुजींनी तिला पुन्हा बाहेर काढलं नाही. अहो म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, एकेरी बोलायची सोय उरली नव्हती, म्हणून ते तिच्याशी बोलायचेच बंद झाले. पोरांनाही ताकीद दिली, "तिच्या वाटंला जाऊ नका, पत्रक निघंल." ती भिंतीकडे तोंड करून कोरी पाटी पुसत बसायची. तिला दिवसभर कुणी काही दिलंच नाही, तर ती परत काय देणार? दिवाळीच्या आतच गल्लीतलं "या, बसा" थांबलं. मग घरातलंही आटत गेलं. "पाणी पायजे का?" विचारलं तर ती नुसती तांब्याकडे बघायची.

एकदा बाजारात गुरुजी आक्काला भेटले. चांगल्या मनानं म्हणाले, "आता काय तरास न्हाई हो पोरीचा. गुणाची झाली."

दुसऱ्या दिवशी आक्कानं तिला शाळेत पाठवलं नाही.

मी म्हणाले, "आक्का, हक्क आहे तो तिचा. सोडायचा नाही."

"हक्क ऱ्हाऊ दे तुझ्या पत्रकात. एकेरी का होईना, माझी पोर बोलत व्हती."

"मी परत जाते साहेबांकडं."

"जाऊन काय मागशील? तिच्याशी बोला म्हणून? ते कुठं लिहून मिळतं?"

मी वडिलांच्या पत्रकांचे सगळे गठ्ठे आठवून पाहिले. त्यांत अशी मागणी कुठंच नव्हती. शाळेच्या वेळेला आक्का भाचीला रानात न्यायला लागली. बांधावर तिला बसवायची आणि खुरपता खुरपता तिच्याशी बोलत राहायची, एकटीच.