गोपीपुऱ्यात हळू बोलायचं

आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. भांडण वगैरे काही नव्हतं. सुरतेच्या डिंडोलीत आम्ही राहायचो त्या खोलीखाली यंत्रमागांची शेड होती आणि ती सतत धडधडत असे. मीठ मागायचं तरी सभेत भाषण ठोकल्यासारखं मागावं लागे. मी माहेरी चाळीसगावला गेले की आई म्हणायची, "अगं, मी इथंच आहे."

त्यात माझे सासरे आले. अण्णा निवृत्त इतिहासशिक्षक, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची उभ्या जन्माची सवय. खाली माग आणि वर अण्णा. सासूबाई गेल्यावर ते "आठ दिवसांसाठी" म्हणून आले आणि आता तिसरा महिना लागला होता. जा म्हणायची आमची हिंमत नव्हती, आणि राहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शांत घर बघायचं, आणि तिथं फक्त आम्ही दोघं. अण्णांनी धाकट्या दिरांकडे जावं. आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा मला फक्त झोप हवी होती.

चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेला होता आणि शहर नुकतंच धुऊनपुसून बसलं होतं. मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की गोपीपुऱ्यात एका जुन्या लाकडी घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. मालकांची अट एकच, माणसं शांत हवीत. गोपीपुरा मी एकदाच पाहिला होता. कोरीव खांबांची घरं, दारापुढे ओटे, आणि गल्ली इतकी निवांत की जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू येई. तिथंच ओट्यावर आडवं व्हावं असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी नवऱ्याची कामावर पाळी होती. "घर बघायला वडीलधारं माणूस नको का?" असं म्हणत अण्णांनी कोट चढवला. मी सकाळपासून त्यांची तयारी करून घेतली. "अण्णा, तिथं हळू बोलायचं."

"हळूच बोलतोय," अण्णा म्हणाले, आणि खाली मागावरच्या कारागिराने मान वर करून पाहिलं.

भेट चारची होती. अण्णांनी मला एक वाजताच बाहेर काढलं. इतिहासाच्या मास्तराला तीन महिने सुरतेत ठेवून साड्यांच्या दुकानांपलीकडे काही दाखवलं नाही, ही त्यांची तक्रार. आधी चौकातला किल्ला. आत सरकारी कचेऱ्या होत्या. अण्णा कमरेवर हात ठेवून मधोमध उभे राहिले आणि गरजले, "सुरत लुटली तेव्हा सुभेदार इथं लपून बसला होता!"

खिडकीतला कारकून मान न उचलता म्हणाला, "साहेब जमवा गया छे. त्रण वागे आवजो." साहेब जेवायला गेलेत, तीनला या.

तिथून गोपीपुऱ्यातल्या एका देरासरात, म्हणजे जैन मंदिरात गेलो. लाकडावरचं नक्षीकाम आणि छतावरची चित्रं बघून मी खरोखर गप्प झाले. अण्णांनी मात्र हे किती जुनं असं विचारलं आणि वरची सगळी कबुतरं उडाली. तिथल्या पुजाऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. अण्णांनीही आदराने ओठांवर बोट ठेवलं, आणि पुढचा प्रश्न त्या बोटाआडून तितक्याच जोरात विचारला.

मग गल्ल्या. प्रत्येक कोरीव दारासमोर अण्णा थांबत. "हे जुनं दिसतंय. हे आपण लुटलं असेल का गं?" आपण! आमचे पूर्वज त्या वेळी खानदेशात कापूस वेचत असणार, पण अण्णांचा रुबाब असा, की कालच घोड्यावरून उतरलेत. ओट्यावर पापड वाळत घालणाऱ्या एका बाईने आमच्याकडे पाहिलं, पापड गोळा केले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मालक पन्नाशीचे, पांढऱ्या कपड्यांतले शेठ. इतकं हळू बोलायचे की मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. "अमारा घरमां कोई ऊंचे अवाजे बोलतुं नथी," आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. पुढच्या दालनात कोरीव झोपाळ्यावर त्यांची आई, म्हणजे बा, बसल्या होत्या. बांची नजर भिंतीवर. मी नमस्कार केला तरी चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. फारच तोरा आहे बाईंना, असं मी ठरवून टाकलं.

जैन घर, तेव्हा शेठनी लसूण खाता का ते विचारलं. मी खानदेशची लेक, पण एका श्वासात लसूण सोडला. मग त्यांनी वरचा मजला दाखवला. खिडकीला बसता येईल एवढी रुंद चौकट होती, आणि कौलांवरून कबुतर चालल्याचं ऐकू येत होतं. खाट कुठे ठेवायची हे माझं ठरूनही गेलं.

"केटला जण?" शेठनी विचारलं.

"दोघंच."

"अने दादा?" त्यांनी अण्णांकडे बोट केलं.

"ते पाहुणे आहेत. जाणार आहेत."

अण्णा माझ्या मागेच उभे होते. ते खांबावरचा मोर बघत राहिले. जिना उतरेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि मला वाटलं, जमलं.

खाली येताच अण्णा थेट झोपाळ्यासमोर गेले आणि पूर्ण वर्गाचा आवाज लावून म्हणाले, "बा, ह्या घरात मराठे आले होते का?"

तावदानं थरथरली. शेठनी डोळे मिटून घेतले. माझी खाट त्या खिडकीतून गेली ती गेलीच.

बांनी भिंतीवरची नजर काढली आणि अण्णांकडे पाहिलं. "आवेला," त्या म्हणाल्या. "बे वार. भाडाचिठ्ठी वगर."

आले होते, दोनदा, भाडेकरार न करता. मग त्या बोलतच सुटल्या. त्यांच्या घरात ऐकीव गोष्ट होती, की लुटीच्या वेळी घरातले एक आजोबा तळघरातल्या पावसाच्या पाण्याच्या टाकीत चार दिवस बसून राहिले. सोनं वाचलं, पण त्यांची सर्दी काही बरी झाली नाही. तेव्हापासून घरात कोणी शिंकलं की म्हणायचे, मराठा आव्या.

अण्णांनी बराच विचार केला. "लुटीबद्दल मी काही बोलणार नाही," ते गरजले, "पण सर्दीबद्दल मला वाईट वाटतं."

बा हसल्या ते झोपाळा हलेपर्यंत. शेठ जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला काहीतरी म्हणाले. मी ते पुन्हा सांगायला लावलं. बांना कमी ऐकू येतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. चारेक वर्षं त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. घरच्यांना वाटलं, वयामुळे मन उडालं असेल.

"मग जरा ओरडायचं ना!" मी म्हणाले, तेही खास डिंडोलीच्या आवाजात. तिकडून बांनी जोरात मान डोलावली.

सहा वाजेपर्यंत दोनदा चहा झाला. अण्णा इतिहास सांगत होते आणि बा त्यांच्या चुका काढत होत्या. निघताना शेठ आवाज चढवून म्हणाले, मजला तुम्हा दोघांना दिला. तेवढ्यात झोपाळ्यावरून बांचा आवाज आला, "बे जणने नथी आपवो. त्रण होय तो आवो." दोघांना देणार नाही, तिघं असाल तर या.

अण्णा दाराशी वाकून चपला घालत होते. चपला घालायला इतका वेळ लागत नाही.

"अण्णा आमच्याकडेच असतात," मी बांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "कायमचे."

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ते माझ्या पुढे चालले. मग विचारलं, इतकं हळू की मला थांबावं लागलं. "घरासाठी म्हणालीस ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो अण्णा. घरासाठीच."

"असू दे," ते म्हणाले. "कोणीतरी राहा म्हणालं." आणि पुढच्या कोरीव दारासमोर न थांबता ते चालू लागले.