हाये मॅडम

नोंदणीच्या कागदावर चार रकाने होते. नाव, गाव, उत्तीर्ण वर्ष, सध्या काय करता. आईनं पहिले दोन भरले. तिसऱ्यापाशी पेन थांबला. तिनं त्याला टोपण लावलं आणि तो टेबलावर ठेवून दिला.

"मागं लोक खोळंबलेत," ती मला म्हणाली.

मागं कुणीच नव्हतं.

जालन्याच्या मुलींच्या कॉलेजात तिच्या बी.ए.च्या वर्गाचा पंचवीस वर्षांनी मेळावा होता, आणि आई त्या वर्गातून पास झालेली नव्हती. शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हसनाबादला, तिच्या माहेरी, तिचं लग्न लावून दिलं. सुट्टी संपून वर्ग भरले तेव्हा ती भोकरदनच्या पलीकडे सासरी होती. पुस्तकं माहेरीच राहिली. त्यानंतर ती कॉलेजच्या फाटकातून आत गेली ती थेट त्या रविवारी, माझ्याबरोबर.

तिला शोधून काढलं राजूरच्या मावशीनं. ही आईची वर्गमैत्रीण. गणपतीच्या देवळाजवळ तिचं नारळ-फुलांचं दुकान आहे. चतुर्थीच्या गर्दीत आई हार घ्यायला थांबली आणि मावशीनं तिला ओळखलं. बोलायला सवड नव्हती, फोन नंबर तेवढा घेतला. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आईचं नाव आलं. आई सगळं वाचायची, लिहायची काही नाही. शेवटी मावशीनं फोनच केला.

"येऊन राह्यली का न्हाई तू?"

"अगं, ते पास झालेल्यांचं आहे ना."

"कोन म्हनलं? आन् हे 'आहे' कधीपासून आलं तुझ्या तोंडात?"

फोन स्पीकरवर होता. मी खाली बघितलं, कारण ते 'आहे' मी आणलं होतं.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये होते आणि युनियनचं काम करायचे. छापखान्यातून गठ्ठे यायचे. आई जेवणं झाली की ते घेऊन बसायची, एकेक कागद दुमडायची आणि घडीवरून अंगठ्याचं नख फिरवायची. मी त्या कागदांवर वाचायला शिकले. पहिली ओळ नेहमी 'कामगार बंधूंनो' असायची. बहिणी कुठं गेल्या, हे मी वडलांना दुसरीत असताना विचारलं होतं आणि ते बराच वेळ हसले होते. पुढच्या पत्रकात बहिणी आल्या, कंसात.

त्या कागदांवरची मराठी मला खरी वाटायची. तिसरीत असताना मी आईला सुधारायला लागले. 'हाये' नाही, 'आहे' म्हण. 'न्हाई' नाही, 'नाही' म्हण. लोक हसतात. ती कधी चिडली नाही. शिकल्यासारखी शिकत गेली. बियाण्याच्या प्लांटवर प्रतवारीला जाते तिथं बाकीच्या बाया तिला चिडवायच्या, बाई पेपरातलं बोलती म्हणून. मला वाटायचं, मी हिचं शिक्षण पूर्ण करते आहे.

मेळाव्यासाठी मीही एक पत्रक लिहिलं होतं. एका पानाचं. 'भगिनींनो' असं सुरू होणारं, कंसाशिवाय. या वर्गातून किती जणींना अर्ध्यावर उठवलं, कुणी उठवलं, आणि त्याबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलं का, असं त्यात होतं. झेरॉक्स काढून पिशवीत भरले होते. आईनं स्कूटीवर बसताना पिशवी चाचपली.

"वाटनार आहेस?"

"हो."

"माझं नाव नाही ना त्यात?"

"कुणाचंच नाही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन मागं बसली.

नोंदणीच्या टेबलामागं तिची दुसरी मैत्रीण बसली होती. ही मूळची जालना शहरातली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. तिनं आईला मिठी मारली. रिकामा रकाना तिला दिसला असणार, पण तिनं कागद तसाच ठेवून घेतला.

सत्काराचा हॉल बाजूलाच सजवलेला होता, पण त्यांच्या अर्थशास्त्राच्या मॅडम तिकडं गेल्याच नाहीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या, हातात काठी. त्या सरळ जुन्या वर्गात शिरल्या आणि टेबलाशी बसल्या. मग सगळ्याच जणी मागोमाग. पंचेचाळिशीच्या बाया बाकांमध्ये शिरायला लागल्या.

"बेंच लहान केले का गं यांनी?"

"बेंच तेवढेच हायेत. तू सरक."

"अगं जल्दी बस, मॅडम बघून राह्यल्यात."

आई शेवटच्या बाकावर भिंतीकडं बसली. मी दारात उभी राहिले.

मॅडमनी पिशवीतून एक लांबट वही काढली. कडा झिजलेल्या, पाठीला कापडी पट्टी. हजेरीची वही, जिला सगळे कॅटलॉग म्हणतात. कॉलेजची वेगळी असायची, ही त्यांची स्वतःची. त्यांनी चष्मा लावला.

"नंबरानं घेते," त्या म्हणाल्या. "नावं बदललीत तुमची. नंबर तेच आहेत."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकपासून सुरुवात केली आणि बाया उत्तर द्यायला लागल्या. यस मॅडम. यस मॅडम. आवाज सुरुवातीला गमतीचे होते, दहा-बारा नंबरांनंतर ते सरळ झाले. जी आली नव्हती तिच्याविषयी शेजारचीनं सांगायचं. पुण्याला आहे मॅडम. सुनेचं बाळंतपण आहे मॅडम. सतराला बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं, "वारली मॅडम. करोनात." मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि अठरा म्हणाल्या.

मी आईकडं बघत होते. तिचा नंबर त्रेचाळीस, हे मला माहीत होतं. तिच्या एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर तो आहे. तीस गेलं, चाळीस गेलं. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, ही उठून बाहेर येणार. मला हेही वाटलं की ती वही तिथंच बंद करायला लावावी. ज्या वहीतून हिचं नाव कापलेलं असणार त्या वहीसमोर हिनं का बसावं?

"त्रेचाळीस."

आईची मान खालीच होती.

"हाये मॅडम," पुढून राजूरची मावशी म्हणाली.

"हाये मॅडम," त्याच क्षणी डावीकडून मुख्याध्यापिका.

आणि मग मधून, मागून, खिडकीकडून, सहा-सात जणींनी, एकीच्या पाठोपाठ एक. हाये मॅडम. हाये मॅडम.

वर्गात हशा पिकला. बाया डोळे पुसत हसत होत्या. आई एकेकीकडं बघत होती. तिला काहीच कळत नव्हतं.

"त्रेचाळीस नंबर एकच होती," मॅडम वहीतून वर न बघता म्हणाल्या. "तेव्हाही मला हाच प्रश्न पडायचा, यातली कोणती."

मग मावशी मागं वळून आईला सांगायला लागली. कॉलेजात पहिल्याच दिवशी सगळ्या 'यस मॅडम' म्हणाल्या आणि हसनाबादची ही पोरगी 'हाये मॅडम' म्हणाली. वर्ग हसला होता. तिनं तरी अडीच वर्षं तेच म्हटलं. दिवाळीनंतर ती आली नाही, तेव्हा मैत्रिणींनी ठरवलं की हजेरी तुटू द्यायची नाही. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि ही परीक्षेला तरी येईल, असं त्यांना अगदी खात्रीनं वाटत होतं. म्हणून रोज कुणीतरी एकीनं त्रेचाळीस व्हायचं.

"पन यस मॅडम म्हनून भागंना," मावशी म्हणाली. "तू यस म्हनायचीच न्हाई ना. तुझ्यासारखंच म्हनावं लागायचं."

"मी जिन्यात उभी राहून घोकायचे," मुख्याध्यापिका म्हणाली. "माझ्या तोंडात ते बसेचना. कधी 'हाय' व्हायचं, कधी 'आहे'. एकदा घोटाळा झाला, दोघी बरोबरच बोललो. मॅडम म्हणाल्या, त्रेचाळीस, एकदा सांगितलंस तरी पुरे."

"किती दिवस?" आईनं विचारलं.

"वर्ग संपेपर्यंत."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"कसं सांगनार, फोन होता का? आन् सांगायचं काय त्यात. तू येनारच होती."

ती आली नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या जागी कुणाला बसता येणार नव्हतं. मॅडमनी वही उलटी करून आईच्या दिशेनं धरली. लांबूनही ओळ दिसत होती. दिवाळीच्या आधीचे 'पी' आणि नंतरचे 'पी', सगळे एका शाईत, एका हातानं केलेले. मॅडमनी रोज तो आवाज ऐकला होता, रोज वेगळा, आणि रोज हजेरी लावली होती.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला संघटना म्हणजे काय ते लहानपणापासून ठाऊक आहे, असं मी समजत होते. ठराव, सभा, पत्रक, सह्या. आणि इथं विशीतल्या पोरींच्या एका अख्ख्या वर्गानं महिनोन्‌महिने एका मुलीची जागा धरून ठेवली होती. एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. कशावरही काही लिहिलेलं नव्हतं. लिहून ठेवलं होतं ते एकाच ठिकाणी, त्या लांबट वहीत. शहरातल्या पोरी जिन्यात उभ्या राहून जो शब्द घोकत होत्या, तो मी घरात बसून पुसून काढला होता.

"खरी त्रेचाळीस कोण?" मॅडम म्हणाल्या. "तिनं उभं राहायचं."

आई बाकाला धरून उठली. वर्ग थांबला होता.

"हाये मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी पेन घेतला, काहीतरी लिहिलं आणि चव्वेचाळीस म्हणाल्या.

पत्रकं मी वाटली नाहीत. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आजही नाही. ज्यांनी तिला उठवलं त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या पानावर फक्त तेच होते. या बाया नव्हत्या. जेवताना मावशीनं पिशवीतून एक ओढून घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "बराबर लिव्हलंय गं. पन आम्ही काय नुसत्या बसून होतो का?" आईनं तिच्या हातातून कागद घेतला, सवयीनं दुमडला, नखानं घडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

निघताना मुख्याध्यापिकेनं टेबलापाशी अडवलं. नोंदणीचा कागद पुढं केला.

"हे उत्तीर्ण वर्ष रिकामं राहिलंय बघ."

आईनं पेन घेतला. चौथ्या रकान्यात लिहिलं, बियाणे प्रतवारी. मग वर, आपल्या नावाच्या आधी, थोडी जागा होती तिथं त्रेचाळीस हा आकडा घातला आणि कागद परत दिला.

"आणि ते?"

"राहू दे," आई म्हणाली. "ते रिकामंच हाये."

मी तिला सुधारलं नाही.