कात्री न लपवणारी अक्का

शिवाजीनगरच्या आमच्या गल्लीत शिंपीणअक्काएवढी हट्टी बाई दुसरी नव्हती. तिच्या धाकट्या भावाला, नारायणअण्णाला, स्किझोफ्रेनिया होता. त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायचे. तरी दुकानातली मोठी कात्री त्याच्याच हाती. ब्लाउजचं कापड ही आखायची, कापायचा तो. गिऱ्हाइकं उंबऱ्याबाहेर घुटमळली की म्हणायची, "आत या. तो कापड कापतो, माणसं नाही."

म्हणून ती काही झाकून ठेवायची असं नव्हे. एकदा अण्णाने गोळ्या सोडल्या, आवाज वाढले आणि त्याने हिला भिंतीवर ढकललं. हिचा हात मोडला. हे ती आपणहून सांगायची आणि वर म्हणायची, "बरा दिसला म्हणून मी गोळ्यांकडे बघायचं सोडलं. आता सोडत नाही." रोज सकाळी त्याने गोळी गिळेपर्यंत ती समोर उभी असायची. नाश्त्याचं काय ते नंतर.

गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं डोकं कुणीतरी फोडलं. गल्लीने पुरावा कशाला शोधावा? घरचाच वेडा होता. चौघांनी अण्णाला भरदुपारी बदडलं. त्याने हात उगारला नाही, डोकं धरून नुसता बसून राहिला. दोन दिवसांनी खरा माणूस सापडला. चहावाल्याचा मेहुणा, डोक्याने अगदी ठणठणीत! मला त्या चौघांचा आजही राग येतो.

एवढं होऊनही घरमालक आलाच. लोक घाबरतात, अण्णाला कुठेतरी ठेवा, नाहीतर घर रिकामं करा, म्हणाला. अक्काने मशीन थांबवलं. "मार कुणी खाल्ला आणि कोंडायचं कुणाला?" एवढंच विचारलं आणि पुन्हा शिवायला लागली. घर तिने सोडलं नाही.

या थंडीत ती झोपेतच गेली. तेराव्याला घरमालक पुन्हा तेच सांगायला आला. अण्णा पानावर मान खाली घालून बसला होता. मी समोरच्या घरातली, शाळेत शिकवणारी, उभ्या जन्मात कुणाशी भांडले नव्हते. पण बारा दिवस गोळी मीच देत होते. अण्णा इथेच राहील आणि गोळी मी देईन, असं मी सांगून टाकलं.

"बरं, मॅडम," तो म्हणाला, "पण उद्या याने कुणाला काही केलं तर?"

"मला बोलवा. आणि याला कुणी काही केलं, तरीही मलाच बोलवा."