भांड्यांच्या दुकानावरचा नाचाचा क्लास

नाचाचा क्लास काढला की घरात तुटके घुंगरू साठतात आणि डोक्यात किस्से. घुंगरू डब्यात टाकता येतात. किस्से मात्र चार मैत्रिणी जमल्या आणि चहा आला की सांगितल्याशिवाय राहवत नाही. मंगळवार पेठेत मी एकवीस वर्षं भरतनाट्यम शिकवते, म्हणजे किती साठले असतील बघा.

मान भरपूर मिळाला, खोटं कशाला बोलू? पण एक दुखणं आहे. सात-आठ वर्षं घासून मुलगी तयार करायची, आता ही अरंगेत्रम करणार, म्हणजे दोन-अडीच तास एकटीनं रंगमंच पेलणार, असं वाटायला लागतं आणि नेमकी घरात दहावी शिरते. दहावी आली की क्लास बंद! आजवर माझ्या तीनच मुली अरंगेत्रमपर्यंत पोचल्या. चौथी कुरुंदवाडची अश्विनी होणार, म्हणून मी डोळे लावून बसले होते. तिचं सांगतेच, पण आधी खालच्या अण्णांचं ऐका.

*

क्लास पहिल्या मजल्यावर आणि खाली अण्णांचं भांड्यांचं दुकान. पहिल्याच आठवड्यात वीस मुलींनी एकदम पाय आपटले आणि खाली फळीवरच्या कपबश्या नाचायला लागल्या. अण्णा वर आले. जरा हळू नाचता येणार नाही का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. मी म्हटलं, अण्णा, पाय वाजला नाही तर तो नाच कसला? त्यांनी थोडा विचार केला आणि क्लासचं वेळापत्रक मागून घेतलं.

तेव्हापासून पाचच्या ठोक्याला अण्णा काचसामान फळीवरून उतरवून पोत्यावर मांडतात आणि सातला परत चढवतात. एकदा मला ताप भरला, म्हणून मी मुलींना परस्पर सुट्टी कळवून टाकली. सव्वापाचला अण्णांचा फोन.

"मॅडम, नाचणार न्हाय तर आदी सांगत जावा की. सगळं उतरवून बसलोय हितं."

*

एक वडील मुलीचं नाव घालायला आले. किती महिन्यांत येतंय, असा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, दहा वर्षं धरून चाला. त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, मुलीचा हात धरला आणि जिना उतरले. मग अर्ध्यातून परत वर आले.

"आणि रोज आणून सोडली तर?"

*

गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना कुणीतरी सांगितलं की नाचानं पाय हलके पडतात. त्यांनी दोन पैलवान पाठवून दिले. दोघंही दारातून वाकून आत आले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

आमच्याकडे पहिला धडा अरमंडीचा. गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसायचं आणि तसंच राहायचं. माझ्या मुली दोन मिनिटांत "मॅडम, पाय" म्हणून रडायला लागतात. पैलवान पंधरा मिनिटं तसेच बसले, वर एकमेकांशी गप्पाही चालू. त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत टिकली ती फक्त अश्विनी. खालचा ओठ दातात धरला होता पण हलली नाही पोरगी. मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

मग अभिनयाची पाळी आली. मी पैलवानांना म्हटलं, समजा देव समोरून येतोय, त्याच्याकडे बघा. थोरल्या पैलवानानं पाय फाकवले, खांदे खाली घेतले आणि डोळे बारीक केले. अहो, देव आहे तो, मी म्हटलं.

"असू दे की. आदी कोण हात घालतंय बघूया."

*

गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात एका छोटीचा पहिलाच नाच होता. तिच्या आजोबांचं जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान. नातीचा नाच संपला, आजोबा पहिल्या रांगेत उठून उभे राहिले आणि "चांगभलं" म्हणत त्यांनी मुठी भरभरून गुलाल रंगमंचावर उधळला. पिशवीच घेऊन आले होते!

पुढचा नाच अश्विनीचा, तोही पांढऱ्या पोशाखात. ती त्या गुलालातच नाचली. एकदोनदा पाय घसरला, तरी ताल सोडला नाही. संपलं तेव्हा कमरेपर्यंत गुलाबी झाली होती. हॉलचे मॅनेजर माझ्या अंगावर धावून आले, हे आता कोण धुणार म्हणून. तेवढ्यात आजोबा मध्ये पडले.

"धुताय कशाला? देवाचा गुलाल हाय. आता तुमच्या हॉलला काय कमी पडायचं न्हाय."

शेवटी आम्ही पाचजणी ओली फडकी घेऊन बसलो. कुठं राहिलंय ते आजोबा खुर्चीतून दाखवत होते.

*

आता अश्विनी. तिचे वडील बाबासो तिला दर रविवारी कुरुंदवाडहून मोटारसायकलवर घेऊन यायचे आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसायचे. सहा वर्षांत माझ्याशी सहा वाक्यं बोलले असतील. यंदा जूनमध्ये ते एकटेच आले आणि स्वच्छ फडक्यात बांधलेले तिचे घुंगरू माझ्या टेबलावर ठेवले. दहावी आहे आणि आपल्या थोरल्या भावानं बंद करायला सांगितलंय, एवढंच म्हणाले. थोरले इचलकरंजीत असतात, पण त्यांच्या शब्दाशिवाय या घरातलं पान हलत नाही. मी विनवलं, चिडले, शेवटी रडलेसुद्धा. बाबासो मान खाली घालून निघून गेले.

तीन आठवड्यांनी रविवारी बघते तर दारात बाबासो आणि मागे अश्विनी.

"घ्या हिला परत. म्हस पान्हवंना झालीया."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, अश्विनी रोज पहाटे गोठ्यातल्या कोब्यावर नाचाचा सराव करते, धारेच्या वेळेलाच. म्हशीला त्याची सवय झाली. नाच थांबला तशी ती दूधच देईना, लाथा झाडते. थोरल्यांना फोन करून सांगितल्यावर तेही गप्प झाले. दुधाच्या पुढं कोण बोलणार?

मी आठवडाभर हसत होते. हा किस्सा सगळ्या पेठेला सांगितला. श्रावणात कुरुंदवाडला जायचा योग आला, तेव्हा माझी चौथी मुलगी वाचवणाऱ्या त्या म्हशीसाठी मी मुद्दाम पेंडीचं पोतं रिक्षात घालून नेलं. अश्विनी शाळेत होती, बाबासो घरीच होते. तिच्या आईला म्हटलं, चला, आधी म्हैस दाखवा.

गोठा रिकामा होता. कोबा पुसून लख्ख केलेला आणि कडेला एक प्लास्टिकची खुर्ची.

"म्हस शिमग्यातच विकली की ओ," अश्विनीची आई म्हणाली. "आता पहाटं हेच बसत्यात हितं, चा घिऊन."

मी वळून बाबासोंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पोतं खांद्यावर घेतलं, गोठ्यात नेऊन भिंतीला नीट टेकवलं आणि हात झटकले.

"गणपतीला थोरलं येत्यात," ते म्हणाले. "त्याच्या आत आता म्हस घ्याला लागणार."