घोटभर पाणी

ज्या बाईच्या घरात मिस्साची उपासना व्हायची, त्याच बाईनं अकरा वर्षं ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात फादर देतात ती पवित्र भाकर, जिभेवर घेतलं नाही. सांगून कुणाला पटायचं नाही, पण खर्डीच्या गँगचाळीतल्या कतरीनचं असंच झालं.

कतरीन नि तिचा नवरा इनास मूळचे वसईकडचे. इनासला रेल्वेत गँगमनची नोकरी लागली म्हणून दोघं इकडे जंगलात आली. आसपास किरिस्तांवांची घरं चार-पाच, तर चर्च कुठलं नि काय! तीन महिन्यांनी एकदा म्हातारे परदेशी फादर गाडीनं यायचे. संध्याकाळी सगळ्यांची कुमसारं, म्हणजे आपापल्या पापांची कबुली ऐकायचे, नि सकाळी कतरीनच्या खोलीत मिस्सा. वेदी म्हणजे इनासची लाकडी पेटी, त्यावर कतरीननं पेजेची खळ देऊन कडक केलेलं पांढरं कापड. त्या कापडावर सुरकुती दिसली तर बाई नवऱ्यावर डाफरायची.

चौतीस सालच्या भादव्यात त्यांचा एकुलता एक पासकू हिवतापानं पडला. पोर चार वर्षांचं. घाटाकडे पावसानं रुळाखालची खडी वाहून गेलेली, म्हणून इनासला दोन दिवस घरी येता आलं नाही. कतरीन एकटी उशाशी बसून फडक्यानं थेंब थेंब पाणी पोराच्या तोंडात सोडत होती. दुपारी पोरानं असे काही दात आवळले, असं काही अंग ताणलं, की तिच्या मनात आलं, देवा, ने रे याला आता, सोडव एकदाचा. आलं नि गेलं! लगेच तिनं छातीवर हात मारून घेतला. "नको रे देवा, नको. माझ्यापाशी ठेव." फडकं धरलेला दुसरा हात थांबलासुद्धा नव्हता. पण दिवेलागणीला पासकू गेला.

झालं, तिथून बाईची दशा फिरली. लहानपणी पाठ केलेल्या प्रार्थनेत होतं ना, विचारानं, शब्दानं, करणीनं पाप केलं म्हणून! विचारानं. तिनं तेवढं एकच धरून ठेवलं. आपण पोराचं मरण मागितलं, देवानं दिलं, म्हणजे पोटच्या पोराचा खून आपणच केला. असलं महापाप अंगावर ठेवून ख्रिस्तशरीर घेतलं तर ते आणखी मोठं पाप. आणि कुमसारात सांगावं, तर कुडाच्या भिंतीपलीकडे ओसरीवर इनास बसलेला. तो ऐकेल, या भीतीनं तिची जीभच उचलायची नाही. अगो वेडे, एकदा बोलली असतीस तर!

मग तिनं एक वाट काढली. ख्रिस्तशरीर घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही पोटात जाता नये, असा तेव्हाचा कडक नेम. म्हणून मिस्साच्या दिवशी उठल्याउठल्या ती माठापाशी जाऊन घोटभर पाणी प्यायची. फादरांनी विचारलं, तर "पानी पोटात गेलं, फादर," असं सांगायला मोकळी. खोटं नको नि खरंही नको. फादर गाडीच्या घाईत असायचे, मान हलवायचे.

शेजारची लहानी नावाची ठाकरीण, तिला यातलं काही कळत नसे. पण तीही एकदा म्हणाली, "तुज्या घरात देव येतो नि तूच त्याला पाठ दावतेस व्हय गो?" कतरीन नुसती हसली नि चुलीत फुंकत बसली. डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलता येतं.

इनासनं मात्र कधी विचारलं नाही. अंथरुणात पडल्यापडल्या तो तिला माठाकडे जाताना बघायचा. मनात अढी ठेवून ख्रिस्तशरीर घेऊ नये, हे त्यालाही शिकवलेलं. त्यानं आपल्यापुरता अर्थ लावला, पोर जात होतं तेव्हा मी लाईनवर होतो, ते हिनं मला माफ केलेलं नाही. आणि गडी नऊ वर्षं ते घेऊन मुकाट रूळ ठोकत राहिला.

त्रेचाळीस साली त्याची छाती भरली. शेवटच्या दिवशी त्यानं तिचा हात धरला. "कतरीन, आता तरी माफ कर गो. त्या दिशी मला येता नाय आलं."

ती हादरलीच. "अहो, काय बोलता हे! तुमच्यावर राग नाय माजा. कधीच नव्हता."

"मंग पानी का पितेस?"

उत्तर ओठांवर आलं होतं. पण मरणाऱ्या बापाला कसं सांगायचं, की तुमच्या लेकाचं मरण मी मागितलं? तिनं दुसऱ्या हातानं त्याचं पांघरूण सारखं केलं. इनासनं हळूच हात सोडवून घेतला नि भिंतीकडे तोंड केलं. तसाच गेला.

पंचेचाळीस साली नवे फादर आले. तरणे, वसईचेच, बोली आपली. संध्याकाळी सगळ्यांची कुमसारं आटोपली तशी कतरीन त्यांच्यापुढे येऊन बसली. आता लपवायचं तरी कुणापासून? तिनं सगळं ओकून टाकलं.

फादरांनी एवढंच विचारलं, "विचार आला तेव्हा पाणी देणारा हात थांबवलास, मावशी?"

"नाय."

"मरावा असं मनापासून ठरवलंस?"

"नाय हो! नको नको म्हटलं."

"मग पाप कुठलं? पाप मोठं व्हायला ती गोष्ट मोठी असावी लागते, ती कळावी लागते, नि समजून-उमजून मनानं हो म्हणावं लागतं. तू नाही म्हणालीस. मोह दारात येतो, तो कुणाच्या दारात येत नाही? त्याला पाट मांडून आत बसवलं तर पाप. तू तर उभ्याउभ्या हाकललास."

कतरीन म्हणाली, "म्हंजे मी पासकूच्या बापाला सांगू शकत होते?"

फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती माठाकडे गेली नाही. सगळ्यांत शेवटी पुढे येऊन, गुडघे टेकून तिनं ख्रिस्तशरीर घेतलं. मिस्सा संपली, लोक चहाला बसले, नि ही तशीच उठून लाईनीपलीकडे गेली. तिथं करवंदीच्या जाळीशेजारी दोन क्रूस होते, एक मोठा, एक लहान. मोठ्या क्रूसापाशी बसून तिनं पासकूच्या शेवटच्या दुपारचं सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. सांगून झाल्यावर पदरानं क्रूसावरची माती पुसली.

"अहो," ती म्हणाली, "आज पानी नाय प्यायले मी."