राखेची वाट

राणीचा नवरा राजा नसतो, हे आमच्या हाल्सविकमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. गादीवर राणीसाहेब हेडविग, आणि त्यांचे यजमान प्रिन्स आन्सेल्म दोन पावलं मागं. चर्चमध्येसुद्धा त्यांची खुर्ची वीतभर बुटकी. लग्न होऊन दक्षिणेतल्या द्राक्षांच्या मुलखातून आले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आमची भाषा शिकले, पण एकेक शब्द काचेच्या भांड्यासारखा जपून ठेवायचे. दरबारात राणीच्या आधी बोलायचं नाही, मंत्र्यांच्या सभेत बसायचं नाही. मग माणसानं करायचं काय? त्यांनी मधमाश्या पाळल्या. हिवाळ्यात पेट्यांना पेंढा गुंडाळून कान लावून बसायचे, आत जीव आहे ना बघायला. लोक म्हणत, बरोबर आहे, तिथंही राणीच.

वर्षात एकच दिवस ते पुढं असत. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, मेणबत्त्यांच्या सणाला, गोठलेल्या खाडीवरून समोरच्या बेटावरच्या चर्चला आधी राणीच्या नवऱ्यानं चालत जायचं. त्याची चाळीस पावलं झाली की मागून राणीची बर्फगाडी निघायची. परक्या घरून आलेल्याचं पाऊल बर्फानं पेललं तर ते वर्ष पेललं, अशी आमची जुनी समजूत.

गेल्या वर्षी प्रिन्ससाहेब काठावरच घसरून उताणे पडले. मासळीवाली टोरा म्हणाली, "सांडली गं बाई द्राक्षं!" आणि सगळा गाव हसला. मीही शालीआड हसले. देव मला क्षमा करो. एकट्या राणीसाहेब हसल्या नाहीत.

यंदा त्यांना सहावा महिना. सणाला चार दिवस असताना त्यांनी हुकूम दिला, की वाड्यातल्या सगळ्या शेगड्यांची राख त्या वाटेवर पसरा, म्हणजे यजमानांचा पाय घसरणार नाही. त्यानंतर चारही दिवस लख्ख ऊन पडलं. काळी राख ऊन पिते आणि खालचा बर्फ खाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दारातला बर्फ लवकर जावा म्हणून आम्हीच राख टाकतो. पण हुकूम वाड्यावरचा. दुसरं कुणीतरी सांगेल असं म्हणून जो तो गप्प राहिला. मीसुद्धा.

आमचे हे, आल्वार, खाडीच्या बर्फाचे राखणदार. आदल्या दिवशी दुपारी आले ते बूट न काढताच बसले. राखेच्या कडेला खालचं पाणी लागायला पहारीचे अकरा घाव घालावे लागले, राखेत दोनच. यांनी कारभाऱ्यांना सांगून पाहिलं की वाट तीन हात डावीकडे घ्या. कारभारी म्हणाले, राणीसाहेबांनी घातलेली वाट तू हलवणार? का त्या भित्र्यानं तुला पाठवलंय? मग हे मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जाऊन प्रिन्ससाहेबांनाच सांगून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, मी बोलतो तिच्याशी. मला वाटलं, सुटलो. रात्रीच्या प्रार्थनेत मी तसे आभारसुद्धा मानले.

सकाळी काठावर गर्दी होती. मी यांच्याजवळ उभी होते. प्रिन्ससाहेब आमच्याकडे आले आणि हातमोजे चढवता चढवता हलक्या आवाजात म्हणाले, "सांगितलं मी. ती म्हणाली, सगळे तुला भित्रा म्हणतात, निदान मला म्हणायला लावू नकोस."

हे म्हणाले, "सरकार, मग तुम्ही तरी डावीकडून चला."

"मी डावीकडून गेलो तरी ती राखेवरूनच येईल. माझ्यासाठी घातलीय ना तिनं." मग त्यांनी विचारलं, "सगळ्यात कच्ची जागा चाळीस पावलांच्या आत येते?"

"तिसाव्या-बत्तिसाव्याला. पण तुम्ही एकटे आहात, जाल पार. गाडी नाही जाणार."

"तेच विचारत होतो."

घंटा झाली. ते निघाले. मी स्तोत्र म्हणत होते आणि पावलंही मोजत होते, त्यामुळे दोन्ही चुकत होतं. एकतिसाव्या पावलाला ते उभे राहिले. वळून गाडीकडे पाहिलं. घोडे खुरं आपटत होते. मग आपण घरात शिरताना बुटांवरचा बर्फ झाडतो ना, तसा त्यांनी उजवा पाय आपटला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा कोरी चादर फाटावी तसा आवाज आला आणि ते छातीपर्यंत खाली गेले. मागच्या लोकांना वाटलं, घसरले पुन्हा. कुणीतरी हसलं. ते हसू अर्ध्यावरच तुटलं.

हे शिडी पुढं ढकलत रांगत गेले. फार वेळ लागला. वर काढलं तेव्हा श्वास चालू होता. गाडी काठावरच राहिली. राणीसाहेब आणि पोटातलं बाळ सुखरूप. पण ती थंडी प्रिन्ससाहेबांच्या छातीत बसली ती उठलीच नाही. अकरा दिवस ताप होता. बाराव्या दिवशी मोठी घंटा वाजली तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच पिठात राहिले.

पुरल्यानंतर राणीसाहेबांनी यांना बोलावून घेतलं. काय झालं ते यांनी मला एकदाच सांगितलं.

त्यांनी विचारलं, "ते घसरले ना, आल्वार?"

यांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "हो, राणीसाहेब. घसरले."

"राख असूनही?"

"राख असूनही."

तेव्हापासून तीन रविवार गेले. कबूल न केलेलं खोटं मनात ठेवून प्रभुभोजनाचा प्याला ओठाला लावायचा नाही, असा आमच्यात नियम. पाद्रीबाबांनी तो उचलला की हे उठून बाहेर जातात. बायका विचारतात, तुमच्या यांना झालंय तरी काय? मी सांगते, बर्फावर रांगले ना, गुडघे धरलेत. फार वेळ टेकवत नाहीत.